ओल कुठून येते? इमारतीतील पाणी आणि बुरशी यांची तपासणी

छतावर किंवा भिंतीवर ओल दिसली की घरातला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: हे पाणी येते कुठून? वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून, बाहेरच्या भिंतीतून, गच्चीवरून, की भिंतीत गाडलेल्या नळातून? मुंबई-ठाण्याच्या गृहनिर्माण संस्थांतली कितीतरी भांडणे याच प्रश्नापाशी अडून बसलेली असतात. खालचा सदनिकाधारक वरच्याकडे बोट दाखवतो, वरचा बाहेरच्या भिंतीकडे आणि कार्यकारी समिती त्या दोघांकडे. मधल्या काळात रंगारी येतो, डागावर पुट्टी फिरवतो, रंगाचे दोन हात मारतो. पुढच्या श्रावणात डाग त्याच जागी, थोडा मोठा होऊन उमटतो.

ओलीचे मूळ शोधण्याची एक ठरलेली पद्धत आहे. डाग, पोपडे आणि बुरशी हे सगळे पाणी पोहोचल्यानंतरचे परिणाम आहेत. तपासनीसाला पाण्याचा उगम आणि तिथून डागापर्यंतची वाट शोधायची असते, आणि त्यासाठी तो एका वेळी एकच शक्यता तपासतो. दोन शक्यता एकदम तपासल्या, तर उत्तर हाती लागत नाही आणि खर्च मात्र दोन्हींचा होतो.

१. पाण्याच्या चार वाटा

इमारतीत पाणी शिरण्याच्या वाटा मुळात चारच आहेत: पाऊस, नळ व सांडपाणी, जमीन आणि हवा.

पावसाच्या पाण्याचा अंदाज आकड्यांशिवाय येत नाही. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तिथे १०,००० लिटर पाणी पडते. पावसाळ्यात मुंबईला असा दिवस नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्याच गच्चीवर त्या दिवशी ९४,००० लिटरहून अधिक पाणी पडले असणार. हे पाणी उताराने वाहून डाऊनटेक पाइपात गेले, तर काही बिघडत नाही. पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला किंवा सांध्यात पिंपळाचे रोप रुजले, तर पाणी तुंबते आणि विटांच्या तुकड्यांच्या कोब्यातल्या बारीक भेगांमधून खाली उतरते. गच्ची आणि कठडा जिथे भेटतात, तिथला सिमेंटचा गोलसर वाटा फुटणे ही आणखी एक नेहमीची जागा.

गच्चीच्या जोडीने बाहेरच्या भिंतीचाही विचार करावा लागतो. नैर्ऋत्य मोसमी वारे पाऊस तिरपा आणतात, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जास्त भिजतात. काँक्रीटचे खांब-तुळया आणि त्यांमधले विटांचे बांधकाम उन्हाने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून त्यांच्या सांध्यावर सरळ रेषेत भेग पडते. खिडकीची खालची चौकट आणि एअर कंडिशनरच्या नळीसाठी पाडलेले भोक याही अशाच जागा. कोकणातल्या जुन्या घरांना लांब पागोळ्या असत आणि पावसाळ्यात भिंतींना विणलेल्या झावळ्यांचा आडोसा केला जाई. भिंत भिजूच द्यायची नाही, हा त्यामागचा विचार आजही पूर्ण बरोबर आहे. आजच्या उंच इमारतींमध्ये तर खिडकीवरचा सज्जाही पुष्कळदा आखूड केलेला असतो.

दुसरी वाट नळाची. सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळतो आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरले, तर दिवसाच्या ८६,४०० थेंबांचे चार लिटरांहून अधिक पाणी होते. महिन्याला ते १३० लिटरांच्या आसपास जाते. न्हाणीघराचा स्लॅब इतर खोल्यांच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो. बांधकामवाले त्याला सन्कन स्लॅब म्हणतात. ही पोकळी भरावाने भरून वर लादी बसवतात. गळणारे पाणी आधी या भरावात साठते आणि भराव पुरता भिजल्यावरच खालच्या छतावर दिसू लागते. म्हणूनच गळती सुरू होणे आणि डाग दिसणे यांत कधी काही महिन्यांचेही अंतर पडते. लादी पांढरी करण्यासाठी वापरलेले ॲसिड लाद्यांच्या सांध्यातले सिमेंट विरघळवते आणि पाण्याला नवी वाट करून देते. स्वच्छतेच्या हौसेपायी झालेली ही गळती फार घरांत आढळते.

जमिनीतून येणारी ओल तळमजल्यापुरती असते. वीट, चिरा आणि गिलावा यांच्यात अतिशय बारीक छिद्रे असतात. केशाकर्षणाने पाणी त्यांतून वर चढते, साधारणपणे मीटरभर उंचीपर्यंत. त्याच्याबरोबर जमिनीतले क्षार येतात, पाणी उडून गेल्यावर भिंतीवर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने राहतात आणि भिंतीला लोणा लागतो. जोत्यावर पाणी अडवणारा थर घातलेला नसला किंवा बाहेर अंगणाची भर टाकून तो थरच गाडला गेला असला, तर ही ओल बारमाही होते.

चौथी वाट हवेची. तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. हवा जितकी उबदार, तितकी तिच्यात जास्त वाफ मावते. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा सुमारे २६ अंशांच्या किंवा त्याहून थंड पृष्ठभागाला लागली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तिथे बसते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटते ते याच कारणाने. रात्रभर एअर कंडिशनरने थंड केलेल्या शयनखोलीची भिंत पलीकडच्या बोळातल्या दमट हवेसाठी त्या बाटलीसारखीच असते. अशा भिंतीवर बोळाच्या बाजूने बुरशी आली, तर गळती शोधत लाद्या फोडून काही उपयोग नसतो.

२. बुरशीला काय लागते

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांच्याविना घर असू शकत नाही. त्यांना रुजायला अन्न, ऊब आणि पाणी लागते. भिंतीवरची धूळ, कागद, प्लायवूड, कापड आणि काही रंगसुद्धा त्यांचे अन्न होते, आणि ऊब तर आपल्या हवामानात बारा महिने असतेच. माणसाच्या हातात राहते ते फक्त पाणी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला असा की भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली, तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवावी, असेही ती संस्था सांगते. कोकणपट्टीच्या जुलैत खिडक्या उघड्या ठेवून हे साधत नाही. म्हणून तिथे कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे आणि पंखा लावून हवा फिरती ठेवणे यांना महत्त्व येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दमट घरांचा संबंध श्वसनाच्या तक्रारी, ॲलर्जी आणि दमा यांच्याशी दिसतो, असे त्यांत म्हटले आहे. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

३. तपासणीची सुरुवात प्रश्नांनी

चांगला तपासनीस यंत्राची पेटी उघडण्याआधी घरच्या माणसांशी बोलतो. ओल प्रथम केव्हा दिसली? पावसाळ्यात वाढते की बारा महिने सारखीच राहते? पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात डाग ओला होतो की दोन दिवसांनी? वरचे कुटुंब गावी गेले होते, तेव्हा डाग वाळला का? वरच्या घरात अलीकडे लाद्या बदलल्या का, नवा गिझर बसवला का?

या उत्तरांतूनच अर्धे निदान होते. मे महिन्यातही छत ओले असेल, तर दोष केवळ पावसाचा नाही. ओल चोवीस तास सारखीच राहत असेल, तर दाबाखाली असलेल्या नळाचा संशय येतो, कारण त्यात पाणी सतत भरलेले असते. सकाळी अंघोळी झाल्यावर वाढून रात्री कमी होत असेल, तर सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप किंवा लाद्यांचे सांधे आधी पाहावेत. डाग पाऊस सुरू होताच भिजत असेल, तर बाहेरच्या भिंतीतली किंवा खिडकीजवळची वाट छोटी आणि सरळ असणार. उशिरा भिजणारा डाग कोब्यात साठलेल्या पाण्याकडे बोट दाखवतो.

४. नजर आणि हात

यानंतर इमारत वरून खाली पाहिली जाते: गच्ची, टाकी, कठडा, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि सर्वांत शेवटी तक्रार असलेली खोली. पाणी वरून खाली येते, पण सरळ येईलच असे नाही. स्लॅबमध्ये गाडलेल्या विजेच्या नळीतून ते कित्येक फूट आडवे जाऊन पंख्याच्या हुकापाशी थेंब होऊन पडते. पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागी पाणी दिसले, तर तपासणीच्या आधी त्या भागाची वीज बंद करायला हवी. ही सूचना देताना संकोच नको. ओल्या भिंतीतला विजेचा धक्का जीव घेतो.

डागाचा आकारही बोलतो. एकात एक तपकिरी कडा असलेला डाग म्हणजे पाणी येत-जात राहिले. प्रत्येक वेळी वाळताना त्याने एक कड सोडली. जमिनीलगत सलग आडवा पट्टा आणि त्यावर लोणा असेल, तर पाणी जमिनीतून चढते आहे. कोपऱ्यात, कपाटामागे, थंड भिंतीवर पसरलेले काळे ठिपके, पण गिलावा टणक आणि पोपडे नाहीत, अशा वेळी हवेतली वाफ संशयित ठरते. हाताने चाचपणे आणि लाकडी दांड्याने ठोकून पाहणे या जुन्या रीतीही सोडून देण्यासारख्या नाहीत. सुटलेला गिलावा पोकळ वाजतो.

५. यंत्रे काय सांगतात

मॉइश्चर मीटरचे दोन प्रकार प्रचारात आहेत. एकाला दोन टोचणाऱ्या सुया असतात. सुयांमधून अगदी थोडी वीज सोडली जाते. पदार्थ जितका ओला, तितकी ती सहज वाहते. दुसरा प्रकार न टोचता, पृष्ठभागावर टेकवून वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर वाचतो. दोन्हींच्या मर्यादा माहीत हव्यात. सुयांचे मीटर बहुधा लाकडासाठी जुळवलेले असते, त्यामुळे गिलाव्यावर त्याने दाखवलेले ‘२५ टक्के’ ही खरी टक्केवारी नसते. लोणा लागलेल्या भिंतीत क्षारांमुळे वीज जास्त वाहते, आणि वाळत आलेली भिंतही मीटरला ओली वाटते. न टोचणारे मीटर गिलाव्याखालच्या लोखंडाने फसते. म्हणून आधी त्याच घरातल्या निःसंशय कोरड्या भिंतीवर मीटर लावतात, तो आकडा पाया धरतात आणि संशयित भिंतीवर फूटफूट अंतराने खडूचे चौकोन आखून प्रत्येकात आकडा लिहितात. आकडे ज्या दिशेने चढत जातात, तिकडे पाण्याचा उगम शोधायचा. खरी टक्केवारीच हवी असेल, तर गिलाव्याचा भुगा काढून बंद बाटलीत कॅल्शियम कार्बाइडशी मिसळतात. पाण्याशी संयोग होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून पाण्याचे प्रमाण कळते.

थर्मल कॅमेऱ्याचे चित्र पाहून लोक भारावतात, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिलेले बरे. हा कॅमेरा पाणी पाहत नाही, भिंतीच्या आतही पाहत नाही. तो पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. ओल्या जागेवरून पाणी उडून जाताना ती जागा थंड होते, म्हणून चित्रात वेगळी दिसते. एअर कंडिशनरचा झोत लागणारी कोरडी भिंतही तशीच दिसते. शिवाय भर पावसात हवा वाफेने भरलेली असते, पाणी फारसे उडतच नाही आणि खरी ओल कॅमेऱ्यातून निसटू शकते. कॅमेऱ्याने दाखवलेली प्रत्येक थंड जागा मीटरने पडताळलीच पाहिजे. केवळ रंगीत चित्रांवर उभा असलेला अहवाल स्वीकारू नये.

६. एक उदाहरण: चौथ्या मजल्यावरची शयनखोली

एका शयनखोलीच्या छतावर, पश्चिमेच्या भिंतीलगत डाग आहे. वर पाचव्या मजल्यावर नेमके न्हाणीघर आहे. संशयित तीन: वरचे नळ, वरची फरशी आणि बाहेरची भिंत. डाग डिसेंबरातही ओला आहे, म्हणून तपासणी घरातल्या पाण्यापासून सुरू होते.

पहिली पायरी नळाची. वरच्या घराचा पाणी येण्याचा व्हॉल्व्ह बंद करून नळाला दाबमापक लावतात. काटा काही तास जागचा हलला नाही, तर नळ निर्दोष. काटा उतरू लागला, तर पाणी कुठेतरी निसटते आहे.

दुसरी पायरी फरशीची. नहाणी ट्रॅपचे तोंड बुचाने बंद करून फरशीवर दोन-अडीच सेंटिमीटर पाणी साठवतात आणि त्यात रंग मिसळतात. एक-दोन दिवस ते तसेच ठेवून खालच्या छतावरचे आकडे ठरावीक वेळाने टिपतात. आकडे वाढले किंवा रंग उतरला, तर फरशीचे जलरोधन गेले आहे. काहीच झाले नाही, तर बूच काढून पाणी सोडायचे आणि पुन्हा पाहायचे. आता डाग भिजला, तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा त्यापुढच्या पाइपात आहे. बूच काढण्याच्या या एका कृतीने फरशी आणि पाइप वेगळे कळतात. हे कळले नाही, तर पाच फूट पाइपासाठी सगळे न्हाणीघर फोडले जाते.

तिसरी पायरी बाहेरच्या भिंतीची. पाइपाने पाणी मारायचे, पण खालून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वर जायचे. वरून मारलेले पाणी ओघळून खालच्या सगळ्या भेगांत शिरते आणि दोषी भेग ओळखता येत नाही. दोन पायऱ्यांच्या मध्ये छताला वाळायला वेळ द्यावा लागतो. घाई इथेच होते आणि निदान चुकते.

गच्चीवरही पाणी साठवून चाचणी करतात. तिथे वजनाचा हिशोब आधी करावा. अडीच सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. १०० चौरस मीटर गच्चीवर अडीच टन वजन येते. सळया गंजलेल्या जुन्या स्लॅबवर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या संमतीशिवाय ही चाचणी करू नये.

७. हवेचे नमुने घ्यावेत का?

बहुतेक घरांत गरज नसते. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, तर तिची जात कळल्याने उपाय बदलत नाही: पाणी थांबवायचे, वाळवायचे, बुरशी काढायची. हवेत किती बीजाणू चालतील याची आरोग्यावर आधारलेली मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनेही ठरवून दिलेली नाही. बीजाणूंचे प्रमाण दर तासाला बदलते, म्हणून एकाच नमुन्याला फारसा अर्थ नसतो; घेतलाच तर बाहेरच्या हवेचाही नमुना त्याच वेळी घ्यावा. वास येतो पण बुरशी दिसत नाही, किंवा रुग्णालयासारखी जागा आहे, अशा वेळी नमुन्यांचा उपयोग होतो.

‘काळी बुरशी’ या नावाची भीतीही अशीच तपासून पाहावी. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात १९९३-९४ साली तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि त्याचा संबंध स्टॅकिबोट्रिस या बुरशीशी जोडला गेला. २००० साली अमेरिकेच्याच रोग नियंत्रण केंद्राने त्या अभ्यासाचा फेरविचार करून हा संबंध सिद्ध झालेला नाही, असे जाहीर केले. रंगावरून बुरशीची जात ओळखता येत नाही आणि काळी नसलेली बुरशी निरुपद्रवीही नसते.

साधारण दहा चौरस फुटांपेक्षा कमी बुरशी घरच्या घरी काढता येते. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, जागा ओलसर करून साबणाच्या पाण्याने पुसावी. कोरडी खरवडली, तर बीजाणू घरभर उडतात. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र वापरू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पुराचे पाणी घरात शिरले असेल, तर गोष्ट वेगळी. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळूणला जसे झाले, तसे पुराचे पाणी सांडपाणी आणि गाळ घेऊन येते. त्यात भिजलेल्या गाद्या, प्लायवूड आणि फुगलेली फळ्यांची कपाटे वाळवून वाचवण्यासारखी नसतात.

८. पाणी सळईपर्यंत पोहोचते तेव्हा

ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून हा गुण कमी करतो. समुद्रकाठी क्षारांची भर पडते. त्यावर सतत ओल राहिली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, काँक्रीटला आतून फोडतो आणि स्लॅबचे तुकडे खाली पडतात. पोपडे निघालेल्या ठिकाणी तांबूस ओघळ दिसला, तर काम गळती शोधणाऱ्याच्या हातचे राहत नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. काँक्रीटच्या ताज्या फोडीवर फिनॉलफ्थॅलीनचे द्रावण टाकले, तर निरोगी भाग गुलाबी होतो आणि निकामी झालेला तसाच राहतो. ही सोपी चाचणी सळईभोवतीचे कवच शाबूत आहे की नाही, हे सांगते.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करायची असते. मुंबईत महापालिका मोडकळीस आलेल्या इमारतींची वर्गवारी करते. ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

९. अहवाल, खर्च आणि वाळण्याचा काळ

अहवालात तपासणीची तारीख व हवामान, कोरड्या भिंतीचा पायाभूत आकडा, चौकोनांचा नकाशा, प्रत्येक चाचणीची वेळ व निकाल, कोणत्या शक्यता का वगळल्या आणि सुचवलेली दुरुस्ती इतके असायलाच हवे. तपासणी करणाऱ्याने दुरुस्तीचे कंत्राट घेऊ नये, हे उत्तम. गच्चीवर रसायन विकणाऱ्याला प्रत्येक गळती गच्चीचीच दिसते.

खर्च कोणी करायचा, हेही निदानावर ठरते. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक पाइप यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. घराच्या आतल्या न्हाणीघराची, मोरीची गळती त्या सदस्याने. म्हणून बूच बंद असतानाचे आणि काढल्यानंतरचे आकडे दोन्ही सदनिकाधारकांच्या समोर टिपून त्यांच्या सह्या घ्याव्यात.

दुरुस्ती झाल्यावर लादी बसवण्याआधी पाणी साठवण्याची चाचणी पुन्हा करतात. भिंत वाळण्याचा ढोबळ अंदाज इंचाला एक महिना असा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळत असेल, तर चार ते पाच महिने लागतात, आणि पावसाळ्याचे दिवस त्यात जवळजवळ धरायचेच नाहीत. ऑक्टोबरात गळती थांबवली, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मीटरचे आकडे कोरड्या भिंतीच्या आकड्यापाशी येतात. रंग त्यानंतर लावावा. गळती पावसाची असेल, तर पुढच्या जुलैत सलग पाऊस झाल्यावर त्याच चौकोनांवर पुन्हा मीटर लावून आकडे जुन्या नकाशाशेजारी नोंदवावेत.